पैसा किडा आणि सातवी आज्ञा



मृगाच्या दोन सरी चांगल्या पडल्या, की आपल्या वसईत घराघरांत पैसे येऊ लागतात. खिशातले नव्हेत, त्यांची कोणी तक्रार केली नसती! हात लावताच नाण्यासारखे वेटोळे करून पडणारा काळा-तांबूस पैसा किडा, ज्याला कोणी वाणीही म्हणतात. मोरीत, ओटीवर, उंबऱ्याखाली, कधी घरातल्या अल्ताराच्या पायाशीसुद्धा. मग कोणी मीठ टाकतो, कोणी उकळते पाणी ओततो. पूर्वी रॉकेलची बाटली निघायची, आता फवाऱ्याचा डबा निघतो. अशा वेळी एखादे पोर विचारते, “ह्याला मारले तर पाप लागते का?” आपण हसतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आधी ह्या प्राण्याची ओळख करून घेऊ. पैसा म्हणजे गोम नव्हे. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक वळ्याला पायांची एक जोडी असते आणि ती विषारी दंश करते. पैशाच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या असतात आणि तो चावत नाही. फार छळले तर अंगातून उग्र वासाचा द्रव सोडतो, तेवढेच त्याचे हत्यार. कुजलेली पाने खाऊन त्यांची माती करणे हा त्याचा धंदा, आणि तो हे काम चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ करतो आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका जातीची नोंद झाली, तिच्या एका मादीला १,३०६ पाय मोजले गेले. पावसाने जमीन पाण्याने भरली की तो कोरडी जागा शोधत वर येतो. गंमत अशी, की आपल्या कोरड्या फरशीवर तो फार दिवस जगतच नाही. अंगातला ओलावा उडून जातो आणि कोपऱ्यात मरून पडतो. म्हणजे ज्याला आपण घरात घुसलेला शत्रू समजतो, तो बहुधा वाट चुकलेला असतो.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सरपटणारे जीव सहाव्या दिवशी निर्माण झाले, ज्या दिवशी माणूस निर्माण झाला त्याच दिवशी. लेवीयाच्या अकराव्या अध्यायात पुष्कळ पायांचे प्राणी खायला निषिद्ध सांगितले आहेत. पण खाऊ नका म्हणणे वेगळे आणि ठेचा म्हणणे वेगळे.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयीची शिकवण कोठे येते, हे पाहण्यासारखे आहे. आपण ती ‘खून करू नको’ ह्या पाचव्या आज्ञेखाली शोधू. ती सापडते सातव्या आज्ञेखाली, ‘चोरी करू नको’ ह्या आज्ञेत (परिच्छेद २४१५ ते २४१८). पैसा मारणे म्हणजे खून नव्हे, हे त्यातून स्पष्टच होते. अन्नासाठी, वस्त्रासाठी माणसाने प्राण्यांचा उपयोग करावा, हेही तेथे मान्य केले आहे. मात्र सृष्टी आपल्या मालकीची नाही, ती आपल्या हाती सोपवलेली आहे. म्हणून प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा त्यांचा नाहक जीव घेणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभा सांगते. म्हणजे सारा प्रश्न ‘विनाकारण’ ह्या शब्दावर येऊन थांबतो.

विदर्भ-मराठवाड्यात हेच वाणी सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपे कुरतडतात. त्या शेतकऱ्याला कारण आहे. सकाळी उठून रांगत्या बाळाच्या चटईवरून पन्नास पैसे झाडून काढणाऱ्या बाईलाही कारण आहे. तिने कन्फेशनला जाण्याची गरज नाही! पण अंगणाच्या कडेला, पालापाचोळ्यात, कोणाच्या अध्यात न मध्यात असलेल्या पैशावर मीठ टाकून तो कसा वळवळतो हे पोरांनी पाहत उभे राहावे, ह्याला कोणते कारण? संत थॉमस अक्वायनस म्हणत, की प्राण्यांशी क्रूरपणा करणारा पुढे माणसांशीही क्रूर होईल, म्हणून तो टाळावा. मला हे उत्तर अर्धे वाटते. त्यात पैशाला स्वतःची काहीच किंमत उरत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक जिवाला परमेश्वराच्या दृष्टीत स्वतःचे मोल आहे, असे त्यांनी लिहिले आणि बुरशी, अळ्या, किडे ह्यांचा आवर्जून उल्लेख केला. असिसीकर संत फ्रान्सिस तर रस्त्यावरचा किडा कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून उचलून बाजूला ठेवीत. स्तोत्र २२ मधला दुःखी माणूस स्वतःला किडा म्हणवतो, आणि त्याच स्तोत्राच्या प्रारंभीचे शब्द प्रभू येशूने क्रुसावर उच्चारले, ही आठवण त्यामागे होती.

मला खरी काळजी वाटते ती किळसेची. किळस पाप नाही, ती आपोआप येते. पण ‘कुठून येतात हे, किती वाढलेत, एकदाचे साफ केले पाहिजेत’ हे शब्द आपण पैशाबद्दल बोलतो आणि चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्या परप्रांतीय मजुरांबद्दलही तेच शब्द, त्याच सुरात बोलतो. मिस्साहून परतताना, चर्चच्या आवारातही ते ऐकू येतात. पाणी, रस्ते, जमिनी ह्यांबद्दलच्या आपल्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या जरूर मांडाव्यात. तरी भर पावसात कोरडी जागा शोधणाऱ्या माणसासाठी किड्याची भाषा वापरली, की पुढे त्याचे काय करायचे हेही ती भाषाच ठरवू लागते.

राहिला घरचा उपाय. भिंतीला लागून साचलेला पालापाचोळा आणि ओल्या लाकडांचा ढीग चार हात दूर न्यावा. दाराखालची फट आणि मोरीचे भोक बंद करावे. फवारा मारला तरी बाहेरची ओल कायम असेल तर नवे येतच राहतात, आणि औषध मात्र मुलांच्या फरशीवर राहते. आत आलेले सुपलीत झाडून घ्यावेत आणि केळीच्या बुंध्याशी टाकावेत. तेथे त्यांना काम पुष्कळ आहे. मुलांना मात्र हाताने उचलू देऊ नये. द्रव बोटाला लागला तर साबणाने धुवावा, डाग काही दिवस राहतो. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे.