पहिली भेंडी कोणाची?



पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून आपण ओमेरचे दिवस मोजतो. एकोणपन्नास दिवस भरले की पन्नासावा दिवस शाबुओथचा. तोरा मिळाल्याचा सण म्हणून आपण तो पाळतो. पण तोरामध्येच त्याला कापणीचा सण आणि पहिल्या फळांचा दिवस असेही म्हटले आहे. या दुसऱ्या नावाविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात, आणि त्याला निमित्त झाले आहे एका गॅलरीतल्या भेंडीचे.

२०२० साली इस्राएल आणि अमिराती यांच्यात करार झाला व थेट विमाने सुरू झाली. २०२३ च्या मे महिन्यात, ओमेरचेच दिवस चालू असताना, मी शारजाला गेलो. अलिबागच्या शाळेत माझ्या शेजारी बाकावर बसणारा मित्र तेथे अल मजाज भागात मुलाकडे राहतो. पाण्याच्या काठी उंच इमारती, आणि त्यांतल्या एका गॅलरीत याने कुंड्या व पेट्या मांडून भाजीचा मळा केलेला. तेथे उन्हाळा ओसरल्यावर पेरणी करतात आणि हिवाळाभर भाजी काढतात. मे उजाडला की पारा चाळिशीकडे सरकतो, टोमॅटोची फुले गळू लागतात. मी गेलो तेव्हा टोमॅटोचा शेवटचा तोडा चालला होता, आणि उन्हाला न भिणाऱ्या भेंडीला पहिली फळे धरली होती.

मित्र मोठ्या अभिमानाने म्हणाला, "अरे, इथं पाऊस कसला! समुद्राचं खारं पाणी गोड करून नळाला येतं. त्यातला एकेक तांब्या मी माझ्या हातानं घातलाय."

मला मोशे रब्बेनूचे बोलणे आठवले. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात तो लोकांना सांगतो की, मिसर देशात भाजीच्या मळ्यासारखे तुम्ही स्वतःच्या पायाने पाणी पाजत होता. ज्या देशात आता जात आहात तो आकाशातून पडणारा पाऊस पितो. मतलब असा की, जो हाताने पाणी घालतो त्याला वाटते, पीक माझेच आहे. जो आभाळाकडे पाहतो त्याला देणाऱ्याचा विसर पडत नाही. आज आपल्या इस्राएलातही घरोघरच्या नळाला बरेचसे पाणी समुद्राचेच, गोड केलेले येते. तेव्हा विसरण्याचा धोका आपल्यालाही तेवढाच आहे.

त्या सकाळी सात भेंड्या निघाल्या. मी मनात म्हटले, आज दुपारी भेंडीची भाजी! पण वहिनींनी त्या कागदात गुंडाळल्या आणि शेजारच्या दारी नेऊन दिल्या. तेथे आठवड्यापूर्वीच एक फिलिपिनो जोडपे राहावयास आले होते. त्यांची भाषा वहिनींना येत नव्हती, वहिनींची त्यांना येत नव्हती. परत आल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, पहिलं फळ घरात ठेवू नये, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. आणि ती बिचारी नवी आहेत हो."

बंधुभगिनींनो, मी त्या घरी जेवलो. पण घास गोड लागेना. त्याचे कारण सांगतो.

लोद येथे माझ्या घरापुढे हातभर अंगण आहे. आदल्या वर्षी त्यात काकडीचा वेल लावला होता. पहिली काकडी मी रोज जाऊन पाहत असे. आमच्याच गल्लीत नुकतेच या देशात आलेले एक कुटुंब होते. त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने ती काकडी तोडली. मी त्याला चारचौघांत रागावलो, आणि तेही त्याला नीट न कळणाऱ्या हिब्रूत. चाळीस वर्षे मुलांना शिकवणारा मी! मुलगा पुन्हा आमच्या फाटकाजवळ फिरकला नाही.

आता बिक्कुरिमचा विधी पाहा. मिशना सांगते की, शेतकरी शेतात पहिले पिकलेले अंजीर पाही, त्याला गवताची काडी बांधी आणि ते वेगळे ठेवी. बिक्कुरिम फक्त सात जातींच्या पिकांचे, तेही इस्राएलच्या भूमीतले. भेंडी-काकडीला तो मान नाही, आणि आज बेथ-हामिकदाशही उभे नाही. परंतु टोपली हाती घेऊन जे म्हणावयाचे, ते आपल्याकडे अजून आहे: आमचा पूर्वज भटकत होता, मिसरात परका म्हणून राहिला, तेथे आम्ही कष्ट भोगले. आणि शेवटी आज्ञा अशी की, या आनंदात लेवी आणि तुझ्यात राहणारा परका, दोघेही असावेत.

मिशनेत आणखी एक गोष्ट आहे, ती शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. पूर्वी ज्याला हे वचन म्हणता येई तो स्वतः म्हणे. ज्याला येत नसे त्याला सांगून म्हणवून घेत. त्यामुळे न शिकलेले लाजून फळे आणीनासे झाले. तेव्हा ठरविण्यात आले की, येणाऱ्या व न येणाऱ्या सर्वांनाच सांगून म्हणवून घ्यावे. एका माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून मंदिरातली रीत बदलली! आणि मी एका काकडीपायी एका पोराची मान खाली घातली. आपण स्वतः विमानातून उतरलो तेव्हा आपले हिब्रू कसे होते, ते आठवा.

परत आल्यावर त्या वर्षीच्या पहिल्या काकडीला मी दोरा बांधला. शाबुओथच्या आदल्या दिवशी ती तोडून त्या घरी घेऊन गेलो. आईने घेतली, हसली. मुलगा मात्र आतून बाहेर आला नाही. न येवो, माफी मागणे माझे काम, ती देणे न देणे त्याच्या हाती.

तेव्हा या शाबुओथला आपल्या अंगणातले, गॅलरीतले जे पहिले निघेल, मग त्या चार मिरच्या का असेनात, ते आपल्या ताटात येण्यापूर्वी गल्लीतल्या सर्वांत नव्या माणसाच्या दारी जाऊ द्या. त्याचे नाव विचारा, आपले सांगा. मग घरी येऊन आपली बेराखा म्हणा व आनंदाने जेवा.

हाशेम आपल्या हाताच्या कामाला बरकत देवो. हाग सामेयाह. आमेन.