सणाच्या पंक्तीला कोण?



आगमनकाळाचा पहिला रविवार आला की आपल्या घरांत लगबग सुरू होते. माळ्यावरची चांदणी खाली उतरते, तिचे बल्ब तपासले जातात. करंज्यांसाठी रवा-खोबऱ्याची यादी होते. युवक मंडळ नाताळगीतांच्या सरावाला बसते आणि ढोलकी कोणी वाजवायची यावरून दरवर्षीप्रमाणे थोडी कुरबूर होते. गव्हाणी बांधायची वेळ आली की कुणीतरी मोटारसायकल काढतो आणि नुकतीच तोड झालेल्या एखाद्या फडातून पाचटाचा भारा घेऊन येतो. आपल्या बारामती-इंदापूरकडच्या गव्हाणीला छप्पर उसाच्या पाचटाचे. दुसरे काही शोधावे लागत नाही.

आज त्या पाचटाविषयीच थोडे बोलू या.

ज्या फडातून आपण ते आणतो, तो फड तोडणारी माणसे जवळच कुठेतरी राहत असतात. बांबूच्या चटया, ताडपत्री आणि हेच पाचट यांची त्यांची कोपी असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून ती येतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत जातात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या आपल्या कारखान्यांची धुरांडी त्यांच्या कोयत्यावर पेटतात. म्हणजे आपला आगमनकाळ, नाताळ आणि नवे वर्ष हे सगळे त्यांच्या मुक्कामातच येते. आपण पाचटाखाली बाळ येशूला निजवतो, आणि रस्त्यापलीकडे पाचटाखाली कुणाचे तरी खरे बाळ थंडीत निजलेले असते. दोन छपरे एकाच फडातली. एकापुढे आपण गुडघे टेकतो. दुसऱ्याकडे आपले लक्ष किती वेळा जाते?

आपली माणसे पाहुणचारात कमी आहेत, असे कुणी म्हणू शकणार नाही. आषाढ महिना आठवा. तुकोबारायांची पालखी देहूहून निघून बारामतीत येते, तेव्हा सगळे गाव रस्त्यावर असते. काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला गोल रिंगण, पुढे इंदापूर, मग सराटी. या सबंध वाटेवर वारकऱ्याला कुणी जात विचारत नाही की पत्ता विचारत नाही. त्याला पिठले-भाकरी मिळते, आंघोळीला गरम पाणी मिळते, त्याच्या पायाला तेल लावले जाते. ‘माउली’ म्हणून हाक मारली जाते. या सेवेत आपली ख्रिस्ती घरेही मागे नसतात. कुणी पाण्याचा पिंप भरून ठेवतो, कुणी ओसरी मोकळी करून देतो.

पाच महिन्यांनी त्याच रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जातात. गाडीवर मोळ्यांचा ढीग, वर अंगावर शाल गुंडाळून बसलेली बाई, तिच्या कुशीत पोर. ही माणसेही गाव सोडून आलेली. त्यांचेही पाय सुजलेले. कदाचित आषाढात पायी चाललेला एखादा वारकरीच आता कोयता घेऊन आलेला असेल. पण तेव्हा आपण त्याला माउली म्हणालो आणि आता त्याच्या गाडीमागे अडकलो की हॉर्न वाजवतो. माणूस तोच, रस्ताही तोच. मग बदलले काय? आपल्या मनातली त्याची जागा बदलली. आषाढात तो आपल्या सणाचा पाहुणा होता. आता तो आपल्या हंगामाचा मजूर आहे.

काही वर्षांपूर्वी आम्हालाही हे टोचले. म्हणून आम्ही ठरवले, यंदा नाताळगीतांची फेरी ऊसतोडीच्या तळावर न्यायची. केकचे तुकडे पुड्यांत बांधले, मुलांसाठी गोळ्या घेतल्या, गिटार घेतली, कॅमेराही घेतला. आपल्या घरोघरच्या फेऱ्या आटोपून तळावर पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. सगळीकडे सामसूम होती. आम्हाला वाटले, गाणे ऐकून माणसे बाहेर येतील. गाणे सुरू केले. कुत्री भुंकायला लागली, एक तान्हे बाळ दचकून रडायला लागले आणि कोप्यांतून एकेक माणूस डोळे चोळत बाहेर आला. पहाटे तीनला उठून फडावर जाणारी माणसे ती. त्यांची पहिली झोप आम्ही मोडली होती.

कुणी रागावले नाही. एका मावशींनी स्वतःचीच वाकळ आमच्यासाठी अंथरली. म्हणाल्या, “गाणं लई चांगलं म्हणता ओ तुम्ही. पर आमची निजायची येळ झाली व्हती.” आम्ही ओशाळून निघू लागलो, तर त्यांनी चूल फुंकली. “च्या घेतल्याबिगर जाऊ नका.” दूध नव्हते. कोरा चहा, त्यात गूळ. सहा कप होते, आम्ही चौदा जण. कप विसळून विसळून आम्ही तो प्यायलो.

परत येताना गाडीत फारसे कुणी बोलले नाही. आम्ही त्यांना नाताळ द्यायला गेलो होतो. प्रत्यक्षात यजमान त्या ठरल्या आणि पाहुणे आम्ही. आमच्याकडे केक होता, गिटार होती, छायाचित्रेही निघाली होती. एकच गोष्ट आम्ही केली नव्हती: आधी जाऊन विचारले नव्हते. वेळ आमच्या सोयीची होती, गाणी आमच्या आवडीची होती, आणि खरे सांगायचे तर समाधानही आमचेच होते. त्यांचे समाधान आम्ही गृहीत धरले होते.

यातून एक प्रश्न उभा राहतो. सण म्हणजे काय? आपण आनंदात आहोत आणि तो आनंद गाऊन-खाऊन दाखवतो, एवढाच सण असतो का? जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी सणावर एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यांचे म्हणणे असे, की सणाच्या मुळाशी एक होकार असतो. हे जग चांगले आहे, इथे असणे चांगले आहे, या होकाराशिवाय रोषणाई आणि जेवणावळी कितीही केल्या तरी सण होत नाही. विचार पटण्यासारखा आहे. पण मग पुढे विचारावे लागते: हा होकार आपण कोणाच्या वतीने देतो? ज्याला बसायला वेळ नाही, त्याच्याही वतीने देतो का?

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागतो, पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाने समिती नेमली. दुखण्यापायी काम बुडायला नको, खाडा पडायला नको, ही भीतीही त्यामागे असल्याचे तेव्हा अनेकींच्या सांगण्यातून पुढे आले. ज्या बाईला दुखण्यासाठी सुट्टी नाही, तिला सणासाठी कुठून मिळणार?

आता पवित्र शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना सण कसा करायचा ते सांगतो. तिथे आनंद करण्याची आज्ञा आहे आणि आनंदाला बोलवायच्या माणसांची यादीही आहे. मुलगा-मुलगी, दास-दासी, लेवी, गावातला परका, अनाथ आणि विधवा. परक्याचे नाव त्या यादीत आहे. म्हणजे तो नसेल तर सण अपुरा. शब्बाथाची आज्ञाही तशीच. त्या दिवशी मालकाने विसावा घ्यायचा, दासाने घ्यायचा, परक्याने घ्यायचा, आणि बैलानेसुद्धा. देवाने बैलाचीही रजा मंजूर केली आहे. रात्रभर कारखान्याच्या रांगेत जू खांद्यावर घेऊन उभे असलेले बैल पाहिले की ही आज्ञा फार जवळची वाटते.

त्याच अध्यायात मांडवांच्या सणाचा उल्लेख आहे. इस्राएली लोक पक्क्या घरांत राहू लागल्यावरही देवाने त्यांना वर्षातून सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहायला सांगितले. का? तर मिसर देशातून निघालेले तुमचे पूर्वज असेच आडोशाखाली राहिले होते, याचा विसर पडू नये म्हणून. आपल्या भाषेत सांगायचे तर, बंगला बांधल्यावरही दरवर्षी आठ दिवस कोपीत राहायचे. आपल्यातही कित्येकांचे आजी-आजोबा पोटासाठी गाव सोडून आलेले. कुणी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, कुणी पाटाच्या कामावर माती वाहिली. दोन पिढ्यांत आपण स्थिरावलो, याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडे. पण स्थिरावलेला माणूस लवकर विसरतो. तो विसर पडू नये यासाठीच देवाने सण दिले असावेत.

इथे कुणी म्हणेल, आणि ते अगदी रास्त आहे: मग आम्ही आनंद करायचाच नाही का? गरिबी संपेपर्यंत चांदण्या माळ्यावरच ठेवायच्या? मुलांना नवे कपडे घ्यायचे नाहीत? उसाला तोड वेळेवर आली नाही तर शेतकऱ्याचे वजन घटते, तो तरी कारखाना कसा थांबवणार?

आनंद करणे हे पाप नाही. प्रभू येशूने काना गावच्या लग्नात द्राक्षारस कमी पडू दिला नाही. बेथानीत मरियेने मोलाचे सुगंधी तेल त्याच्या पायांवर ओतले, तेव्हा हे पैसे गरिबांना देता आले असते असे यहूदा म्हणाला. प्रभूने मरियेचीच बाजू घेतली. तेव्हा गरिबांचे नाव पुढे करून दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणे, हेही ख्रिस्ती वागणे नव्हे. पण तोच प्रभू लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगतो, की जेवण द्याल तेव्हा परत बोलावू शकणाऱ्यांनाच बोलावू नका, ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलवा. आणि आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, की न्याय नसेल तर तुमचे उत्सव मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गलबला नको. गाणारांच्या मंडळींनी हा उतारा वर्षातून एकदा तरी वाचावा. आम्ही त्या रात्रीनंतर वाचला.

आणखी एक गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. आपल्या सणाचा खर्च याच हंगामातून निघतो. कुणाच्या घरी उसाचा पहिला हप्ता येतो, कुणी कारखान्यात नोकरीला आहे, कुणाचे कापडाचे किंवा किराणाचे दुकान उसाच्या पैशावर चालते. करंजीत साखर आहे, केकमध्ये साखर आहे. त्या साखरेची पहिली मेहनत ज्यांनी केली, त्यांना केकचा तुकडा देणे याला दान म्हणता येईल का? आम्हाला तरी ते ऋण वाटते, आणि ऋण फेडताना मान खाली असावी.

पुढच्या वर्षी आम्ही गाणी घेऊन गेलो नाही. आधी दोघीतिघी जाऊन विचारून आल्या. मागण्या निघाल्या त्या अशा: पिण्याच्या पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येतो, मधल्या दिवशी काही करता येईल का? मोबाईल चार्ज करायला कुठे द्यायचे? आणि आईबाप फडावर असताना मागे राहिलेल्या पोरांकडे कुणी पाहील का? केक कुणी मागितला नाही. मग आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजची मुले काही दुपारी तळावर जाऊ लागली. पाटी, चित्रे, गोष्टी. नाताळच्या आदल्या शनिवारी मुलांनीच गाणी म्हटली. त्यातली निम्मी त्यांच्या गावाकडची होती आणि आमच्या गिटारवाल्याला त्यांची चाल धरता धरता घाम फुटला. फार मोठे काही बदलले, असा दावा आम्ही करणार नाही. उचल आहे तशीच आहे, खाडा आहे तसाच आहे. त्यासाठी कायदा हवा, त्याची अंमलबजावणी हवी, आणि त्याविषयी आपण बोलतही राहिले पाहिजे. पण त्या वर्षी आमच्या नाताळात त्यांना जागा होती, आणि ती जागा कशी असावी हे त्यांनीच सांगितले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली गरिबांचा जागतिक दिन ठरवून दिला आणि २०१७ पासून तो नोव्हेंबरमध्ये पाळला जातो. आपल्याकडे टोळ्या उतरण्याचे दिवस तेच. ख्रिस्तसभेने जणू आपल्याच तालुक्यांसाठी हा मुहूर्त काढला आहे. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणी मांडली, तेव्हा त्यांनी गवत, बैल आणि गाढव आणले. बाळ येशू कोणत्या गरिबीत जन्मला, ते लोकांना डोळ्यांनी दिसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. आपल्याला तेवढीही खटपट करावी लागत नाही. बैल रस्त्यावर आहेत, छप्पर फडाच्या कडेला आहे. शिरगणतीसाठी गाव सोडून निघालेले योसेफ आणि मरिया, उतारशाळेत न मिळालेली जागा, आणि रात्रपाळीला रानात जागणारे मेंढपाळ. देवदूत पहिल्यांदा त्यांच्याकडे गेला. ते कामावर असतानाच गेला.

यंदा गव्हाणीसाठी पाचट आणायला जाल, तेव्हा एक करा. भारा बांधण्याआधी पलीकडच्या कोपीपाशी थांबा. रात्री साडेदहाला नको, त्यांच्या सोयीने. नाव विचारा, गाव विचारा, पोरांची चौकशी करा. काही हवे-नको ते विचारा. आणि त्यांनी कोरा चहा पुढे केला तर नाही म्हणू नका.

आपणा सर्वांना आगमनकाळाच्या आणि येणाऱ्या नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा.