पदयात्रेतील ओझे : कोणाचे आणि कोणाच्या खांद्यावर?

चैत्र शुद्ध नवमी जवळ येऊ लागली की मुंबईच्या उपनगरांतून शिर्डीकडे पालख्या निघू लागतात. दहिसरचा भाविक चेकनाक्यावरून काशीमिऱ्याला येतो, तेथून घोडबंदर मार्गाने ठाणे, पुढे भिवंडी, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि सिन्नर असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता सात-आठ दिवसांत पायी चालून जातो. काही भाविक ज्येष्ठात आळंदी किंवा देहू गाठून वारीबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात. थोडे, परंतु निश्चयाचे पक्के असे काही जण नर्मदा परिक्रमेस निघतात. यात्रा कोणतीही असो, प्रथमच निघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : बरोबर काय काय घ्यावे?

हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा आहे. त्याचे उत्तर एखाद्या यादीने देता येईल, आणि अशा याद्या छापल्याही जातात. परंतु यादीत जे लिहिले नाही त्याचीही वाटेत गरज लागतेच. ती भागते तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून, हातातून किंवा पाठीवरून भागते. त्यामुळे काय घ्यावे हे ठरविताना यात्रेकरू नकळत आणखी एक गोष्ट ठरवीत असतो, ती म्हणजे आपल्या श्रद्धेचा भार इतरांनी किती उचलावा.

पूर्वीच्या पिढ्यांनी या प्रश्नाचे उत्तर शिदोरीने दिले. दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, लसणीची कोरडी चटणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे, लाह्या, सातूचे पीठ या पदार्थांची निवड फार विचारपूर्वक झालेली दिसते. पाण्याऐवजी दुधात भिजविलेली दशमी पोळीपेक्षा मऊ राहते आणि अधिक टिकते. सातूच्या पिठाला चूल लागत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी उष्मांक मिळतात, म्हणजे वजनाच्या मानाने एवढी शक्ती देणारे पदार्थ फार थोडे. दूरच्या प्रवासाचे शास्त्र म्हणून आज जे शिकविले जाते, त्याचा मोठा भाग आजीच्या डब्यात पूर्वीच होता.

मात्र या शिदोरीला आणखी एक बाजू होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुधातली दशमी सोवळ्याला चालत असे. ती बरोबर असली की वाटेत परक्या जातीच्या हातचे खाण्याचा प्रसंग टळे. म्हणजे जी शिदोरी माणसाला स्वावलंबी करीत होती, तीच त्याच्याभोवती कुंपणही घालीत होती. इरावती कर्वे यांनी वारीत चालून लिहिलेल्या 'वाटचाल' या लेखात एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा बायांच्या वेगळ्या पंगतींची खंत नोंदविली आहे. दिवसभर एका तालात नामघोष आणि संध्याकाळी दोन चुली! आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, तेव्हा ज्या कृष्णलीलेचे स्मरण केले जाते तिच्यात सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या जातात. बरोबर आणलेले अन्न स्वतःच खाऊन संपविणाऱ्याने त्या प्रसादाचा अर्थ पुन्हा एकदा पाहावा.

याच्या अगदी उलट मार्ग म्हणजे काहीच न घेता निघणे. १९६२ साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून वॉशिंग्टनकडे पायी निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना पैसे जवळ न बाळगण्याचा सल्ला दिला होता. पाकिस्तानच्या सीमेवर निरोप द्यायला आलेल्यांनी त्यांच्यापुढे खाण्याची पाकिटे केली. ती त्यांनी नाकारली. शेजारच्या देशात आपल्याला कोणी जेवू घालणार नाही, असा अविश्वास ती पाकिटे बाळगण्यात होता, अशी त्यांची भावना होती. पुढे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण असे करीत ते मॉस्को, पॅरिस, लंडन आणि अखेर वॉशिंग्टनला पोहोचले. वाटेत ठिकठिकाणी अनोळखी माणसांनी त्यांना आसरा दिला. येथे रिकामी झोळी हेच त्यांचे निवेदन होते. समोरच्यावर विश्वास टाकल्याखेरीज त्यांचे पाऊल पुढे पडणे शक्य नव्हते.

दहिसरकरांना असा अनुभव घेण्यासाठी परदेशी जावे लागलेले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकलगाड्या बंद पडल्या, आणि असंख्य माणसे पश्चिम द्रुतगती महामार्गावरून भिजत, अंधारात, रिकाम्या हाताने उत्तरेकडे घरी चालत आली. त्या रात्री रस्त्याकडेच्या वस्त्यांतून माणसे चहा, बिस्किटे आणि पाणी घेऊन बाहेर आली. घेणाऱ्याने जात विचारली नाही, देणाऱ्याने गाव विचारले नाही. त्या रात्रीची तयारी कोणीही केलेली नव्हती आणि तरीही माणसे घरी पोहोचली, ही गोष्ट रिकाम्या झोळीच्या बाजूने नक्कीच बोलते.

परंतु संकटाने रिकामा झालेला हात आणि ठरवून रिकामा ठेवलेला हात यांत अंतर आहे. नर्मदा परिक्रमेत हे अंतर स्पष्ट दिसते. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे. नदी न ओलांडता, ती सदैव उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, म्हणजे अडीच हजार किलोमीटरहून अधिक वाटचाल होते. परंपरेने या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. परिक्रमावासीने संग्रह करू नये, जे मिळेल ते घ्यावे, सदावर्तात शिधा मिळाला तर स्वतः शिजवून खावे, असा प्रघात आहे. हे व्रत उदात्त आहे यात शंका नाही. पण मोठ्या आश्रमांचा पट्टा संपला की परिक्रमावासीच्या हातावर भाकरी ठेवणारा माणूस बहुधा भिल्ल किंवा पावरा समाजाचा असतो, आणि त्याच्या घरातले धान्य मोजके असते. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीसारखी गावे गेली, त्यांचीही ही वस्ती. जुन्या परिक्रमावृत्तांतांत शूलपाणीच्या झाडीत लुटले जाण्याच्या, अंगावर लंगोटीच उरल्याच्या हकिकती भाविकतेने सांगितल्या जातात आणि ती मैयाने घेतलेली परीक्षा मानली जाते. लुटणाऱ्याच्या पोटाचा विचार त्या हकिकतींत क्वचितच येतो. अपरिग्रहाचे व्रत ज्याचे त्याला शोभते, हे खरे. पण एकाचा अपरिग्रह दुसऱ्याच्या कोठारावर चालत असेल आणि ते कोठार आधीच तळाशी आलेले असेल, तर व्रतस्थाने थबकावयास हवे. चार दिवसांचा शिधा पाठीवर असणे हे अशा वाटेवर श्रद्धेचे न्यून ठरू नये.

आज बहुसंख्य पदयात्री मात्र या दोन्ही टोकांवर नसतात. त्यांच्यासाठी तिसरी सोय झालेली आहे, ती म्हणजे टेम्पो. वारीतल्या दिंड्यांमागे ट्रक असतो, शिर्डीच्या पालखीमागे टेम्पो. त्यात गाद्या, भांडी, शिधा, गॅसच्या टाक्या आणि प्रत्येकाची बॅग. ही व्यवस्था टाकाऊ आहे असे मुळीच म्हणता येणार नाही. तिच्यामुळेच गुडघे दुखणाऱ्या वृद्धा, कामावरून जेमतेम आठवड्याची रजा मिळालेले कामगार आणि स्वतंत्रपणे निघू न शकणाऱ्या कितीतरी स्त्रिया चालू शकतात. गैरसोय अशी की टेम्पोत टाकलेल्या बॅगेचे वजन टाकणाऱ्याला कळत नाही. पाठीवर असती तर पहिल्याच दिवशी ठाण्याला पोहोचेपर्यंत जिच्यातली निम्मी वस्त्रे नकोशी झाली असती, ती बॅग आठ दिवस दुसऱ्याच्या हातांनी चढते आणि उतरते. मुक्कामाच्या जागी चार तरुण शंभर बॅगा उतरवीत असतात. तेही दिवसभर चाललेलेच असतात. पहाटेचा चहा वेळेवर मिळावा म्हणून कोणीतरी सगळ्यांच्या आधी उठलेले असते आणि ते बहुधा एकच माणूस रोज उठत असते.

यावर एक साधी कसोटी सांगता येते. टेम्पो नसता तर जेवढे पाठीवर घेतले असते, तेवढेच टेम्पोत टाकावे. डोंगर चढणाऱ्यांत शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक भार घेऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे. पदयात्रीला त्याच्या निम्म्यातही भागते. दोन सुती कपडे, एक चादर, पंचा, विजेरी, आणि रात्री महामार्गावर मागून येणाऱ्या वाहनाला दिसेल अशी चमकणारी पट्टी. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या अमेरिकन आजी ॲपलाचियन पर्वतरांगेतील सुमारे ३३०० किलोमीटरची वाट घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून एकट्या चालल्या. तंबू त्यांच्याकडे नव्हता, पायांत कॅनव्हासचे साधे बूट होते. रात्री कधी अनोळखी माणसांच्या ओसरीवर त्यांना झोपावे लागे, पण त्यांची पिशवी त्यांच्याच खांद्यावर असे.

काही वस्तू मात्र टेम्पोत टाकूच नयेत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची औषधे स्वतःच्या खिशातच हवीत. टेम्पो पुढच्या मुक्कामी आणि रुग्ण घाटात, असे झाल्यास औषध असून नसल्यासारखे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, तरीही ते अंगावरच असावे. चैत्राच्या उन्हात घाम फार जातो. अशा वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्यावे. चमचा चहाचा असावा. मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. पादत्राणे नवी घेऊ नयेत, महिनाभर वापरलेलीच घालावीत.

अनवाणी चालण्याचा नवस केलेल्यांविषयी बोलणे नाजूक आहे. नवस हा भक्त आणि देव यांच्यातील विषय, तेथे तिसऱ्याने बोलू नये असे म्हटले जाते. पण दुपारच्या डांबराने तळपायांना फोड आले, ते फुटले आणि पाय टेकवेनासा झाला, की तो विषय दोघांतला राहत नाही. मग दोघे जण दोन्ही बाजूंनी आधार देतात, त्यांची चाल मंदावते, पालखी थांबते. तपाचे पुण्य एकट्याचे आणि त्याचा शीण चौघांचा, अशी वाटणी कोणत्याही नवसात अभिप्रेत नसावी. पहाटेचे आणि सायंकाळचे टप्पे अनवाणी, दुपारी पायांत काहीतरी, अशी तडजोड कित्येक जण करतात. देवाने ती अमान्य केल्याचे ऐकिवात नाही.

आता ताटाविषयी. पाव किलोच्या आसपास वजनाचे एक स्टीलचे ताट आणि पेला बरोबर ठेवणे अनेकांना जड वाटते. त्यामुळे वर्षानुवर्षे थर्मोकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले वाटेवर पडत राहिले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अशा वस्तूंवर बंदी आणली, तरी पंगत उठल्यावरचा रस्ता पाहिला तर सवय अजून सुटलेली नाही. ते पाव किलो वजन ज्याने पाठीवर घेतले नाही, त्याने ते वाटेवरच्या गावाला दिले, असा याचा हिशेब आहे.

तथापि ताट घेतले म्हणजे प्रश्न संपला असेही होत नाही. कारण ताट धुवावे लागते, आणि पालखीचा मुक्काम शहापूर तालुक्यात असतो. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचाच आहे. दहिसरच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणात याच परिसरातून येते. आणि याच तालुक्यातील अनेक गावे आणि पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शे-दोनशे माणसांची पंगत उठली आणि प्रत्येकाने दोन-दोन तांबे पाणी ताटावर ओतले, तर एखाद्या पाड्याचे दिवसाचे पिण्याचे पाणी संपते.

यावर काही मंडळी पळसाच्या पत्रावळी वापरतात, त्या खड्ड्यात पुरता येतात. काही जण ताट आधी राखेने किंवा कोरड्या कागदाने पुसून घेतात आणि मग एकाच घमेल्यातल्या पाण्यात सर्वांची ताटे विसळतात. टेम्पोत गाद्यांची संख्या कमी करून पाण्याची एक टाकी अधिक ठेवली, तर शहापूर ते कसारा हा टप्पा गावाच्या पाण्याला हात न लावता पार करता येतो. एवढे करूनही दुपारच्या वेळी एखाद्या पाड्यावरची बाई डोक्यावरचा हंडा उतरवून यात्रेकरूपुढे तांब्या धरतेच. तिला नको म्हटले तर ती दुखावते. बहुतेक जण अशा वेळी घोटभर पितात, तिच्या पोराच्या हातावर पिशवीतले गूळ-शेंगदाणे ठेवतात आणि कसाऱ्याच्या दिशेने चालू लागतात.