पेनानं लिहिलेलं लेबल

ती बरणी अजून माझ्याकडे आहे. आत चुकची समुद्राच्या तळातले शिंपले आणि किडे, सगळे मेलेले. लेबल मात्र कोरं. मी ते पेनानं लिहिलं होतं. अल्कोहोलमध्ये शाई विरघळली. पेन्सिलीनं लिहायचं असतं, हे मला शिकवलेलं होतं. नमुना नेमका कुठला, हे कळेना. ते जीव फुकट गेले.

आर्क्टिकच्या तळावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय करतात? लोखंडी जबडा खाली सोडतात, ०.१ चौरस मीटर तळ उचलतात, गाळ चाळणीवर धुतात आणि उरलेले जीव फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. वरचा बर्फ बदलला की तळाशी पडणारं खाद्य बदलतं, आणि तळातले शिंपले वॉलरसचं अन्न असतात. हे जीव जागा सोडून फारसे जात नाहीत, म्हणून बदलाचे साक्षीदार तेच. पण साक्ष घेण्यासाठी आपण साक्षीदारालाच मारतो.

मग फोटो का काढत नाही? काढतात की. ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधे, फ्राम सामुद्रधुनीत, जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेची हाउसगार्टन वेधशाळा १९९९ पासून आहे. तिथं सुमारे २,५०० मीटर खोलीवरच्या फोटोंत २००२ ते २०११ दरम्यान कचरा दुप्पट झालेला दिसला. पण गाळाच्या आत राहणारे जीव कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

२००६ साली आइसलंडजवळ संशोधनासाठी एक शिंपला वर काढला. त्यात तो मेला. पुढे कवचातल्या रेषा मोजल्या, तर वय निघालं ५०७ वर्षं. शिवाजी महाराज जन्मले तेव्हा तो १३१ वर्षांचा होता!

‘त्यांच्याच भल्यासाठी मारतो’ हे उत्तर मला पटत नाही. त्यांचं भलं ठरवायला आपल्याला कुणी नेमलंय? पण न बघणंही निर्दोष नाही. आपलं प्लास्टिक तिथं पोचलंच आहे. आपण डोळे मिटले म्हणून ते परत येणार नाही.

म्हणून मला वाटतं, मारण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही, आपल्यावर कर्ज चढतं. प्रत्येक जीव मोजून, ओळखून, आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवूनच ते थोडंफार फिटतं. आइसलंडच्या शिंपल्याचं काही फिटलं. त्याच्या रेषांतून जुन्या समुद्राची माहिती मिळाली. माझ्या बरणीचं काहीच नाही.

ती टाकून द्यायला हवी. अजून टाकलेली नाही. नवे नमुने आले, की आधी पेन्सिलीला टोक काढतो.