वेळेवर तोडण्याची विद्या

शेताच्या बांधावरची एखादी डीपी उघडून पाहिली, तर किटकॅट फ्यूजच्या जागी पुष्कळदा जाड तार पिळून बसवलेली दिसते. ऐन पाण्याच्या पाळीत फ्यूज उडतो, मोटार बंद पडते, वायरमन लवकर येत नाही, म्हणून शेतकऱ्याने हा उपाय केलेला असतो. त्याची अडचण खरी आहे. पण तार वितळली नाही की जादा प्रवाह रोहित्राच्या वेटोळ्यांत जातो, तेल तापते, इन्सुलेशन करपते आणि शेवटी रोहित्रच जळते. मग दुसरे येईपर्यंत सगळ्या शिवाराचे पाणी थांबते. विद्युत अभियांत्रिकीची थोरवी आपण मेगावॅटमध्ये मोजतो. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. मला मात्र या शास्त्राचा गाभा फ्यूजच्या वितळणाऱ्या तारेत दिसतो. वीज निर्माण करणे आणि वाहून नेणे हे निम्मेच काम. कुठे, कधी आणि किती तोडायचे हे आधी ठरवून ठेवणे हे उरलेले निम्मे, आणि तेच अधिक अवघड आहे.

30 जुलै 2012 च्या रात्री अडीचच्या सुमारास 400 केव्हीची बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटली. तिच्या जोडीची वाहिनी कामासाठी आधीच बंद होती. उत्तर भारत ठरल्यापेक्षा जास्त वीज खेचत होता आणि पश्चिमेकडून जाणारा भार उरलेल्या मोजक्या वाटांवर आला होता. वाहिनीवर दोष मात्र कुठलाच नव्हता. तार तुटली नव्हती की झाड पडले नव्हते. तिथला डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि प्रवाह यांचे गुणोत्तर पाहतो आणि ते ठरलेल्या मर्यादेखाली गेले की पुढे कुठेतरी शॉर्टसर्किट आहे असे समजतो. त्या रात्री प्रवाह वाढला, व्होल्टेज खचले, गुणोत्तर घसरले. रिलेने भारालाच दोष मानले आणि वाहिनी तोडली. वीज दुसऱ्या वाटांनी धावली, त्याही एकामागून एक सुटल्या आणि उत्तरेची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी सुरुवात पुन्हा त्याच वाहिनीपासून झाली. त्या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड पडल्या आणि 60 कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. रिले आपल्या सेटिंगशी प्रामाणिक राहिला होता. फ्रीक्वेन्सी घसरताच आपोआप भार कमी करणारी योजना मात्र पुरेशी कामी आली नाही. थोडक्यात, जे तुटायला नको होते ते तुटले आणि जे तुटायला हवे होते ते जोडलेलेच राहिले.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे तर यंत्रेच करतात, मग अभियंत्याचे काम काय? रिलेच्या इशाऱ्यावर वाहिनी तोडणारा ब्रेकर पापणी लवायच्या आत उघडतो, एवढ्या वेळात माणूस विचारही करू शकत नाही, हे मान्य. पण म्हणूनच माणसाला तो विचार कित्येक महिने आधी करावा लागतो. जोडीची वाहिनी बंद असेल तर काय होईल, सेटिंग किती ठेवावे, कुठल्या फीडरचा बळी आधी द्यावा, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले असते. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर विजेचे दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली. ग्रिड तरली, कारण भार प्रेषण केंद्रांनी जलविद्युत संच कधी उतरवायचे आणि कधी चढवायचे याची आखणी आधीच केली होती. दुसऱ्या दिवशी लोक पणत्यांबद्दल बोलले, त्या आखणीबद्दल फार थोडे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: ही विद्या जुनी झाली, हुशार मुले सॉफ्टवेअरकडे जातात, यात नवे काय उरले? पगाराचा मुद्दा मी नाकारत नाही. ज्यांच्या भरवशावर शहरे चालतात त्यांच्या कामाचे मोल आपण कमी लावले आहे. पण नवे काही नाही, हे साफ चूक आहे. औष्णिक केंद्रातला जनित्र-संच मिनिटाला 3,000 फेरे फिरतो. तो अवजड रोटर आपल्या जडत्वाने फ्रीक्वेन्सीची घसरण सावकाश करतो आणि शॉर्टसर्किट होताच नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओततो. तो लोंढा पाहूनच रिले दोष ओळखत आले. सौर इन्व्हर्टरमध्ये फिरणारे काहीच नाही, आणि दोषाच्या वेळीही तो नेहमीच्या प्रवाहाच्या फार पुढे जात नाही, कारण त्यातले अर्धवाहक ते सोसू शकत नाहीत. म्हणजे ज्या खुणेवर शंभर वर्षे भिस्त ठेवली ती खूणच पुसट होत चालली आहे. भर दुपारी, छपरांवर आणि माळरानांवर सौरऊर्जा ओसंडत असताना एखाद्या वाहिनीवर खरा दोष झाला, तर रिलेने तो कशावरून ओळखायचा? आज इलेक्ट्रिकलला प्रवेश घेणाऱ्या मुलीला हा प्रश्न आयता सुटलेला मिळणार नाही.