सोंगातले सत्य : जॉन सीनाची कुस्ती आणि रॅप

जॉन सीना (जन्म २३ एप्रिल १९७७) हा अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीगीर, रॅप गायक आणि चित्रपट अभिनेता. निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीत त्याने दोन दशकांहून अधिक काळ घालवला, आणि सतरा वेळा विश्वविजेतेपद मिळवले. त्याच्या कारकिर्दीमुळे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो : जे उघडउघड सोंग आहे, त्याला खरे म्हणता येते का? आणि सोंगात दिलेला शब्द माणसाला बांधून ठेवतो का?

आपल्या आखाड्यांत ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि ती करणाऱ्या पैलवानाची पत जाते. तसे होणे योग्यच आहे, कारण तिथे खरी झुंज पाहायला आलेल्या माणसाची फसवणूक होते. अमेरिकेतही अनेक दशके हे गुपित कसोशीने पाळले जात असे. नायक आणि खलनायक यांनी चारचौघांत एकत्र दिसायचे नाही, असा दंडक होता. १९८९ मध्ये मात्र वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कुस्ती-कंपनीने न्यू जर्सी राज्यापुढे स्वतःहून सांगितले की ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. खेळांवर असणारी सरकारी देखरेख टाळावी, एवढाच व्यवहारी हेतू त्यामागे होता. पण त्यामुळे नैतिक हिशेब बदलला. दोन्ही बाजूंना माहीत असलेल्या गोष्टीला खोटेपणा म्हणता येत नाही.

मग प्रेक्षक नेमके काय पाहतो? फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त याने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातील कुस्तीवरच्या निबंधात म्हटले आहे की ही कुस्ती खेळ नसून देखावा आहे. वेदना, पराभव आणि न्याय यांचे स्पष्ट, ठसठशीत दर्शन लोकांना हवे असते. त्याच्याही हजारभर वर्षे आधी भारतीय नाट्यमीमांसेत श्रीशंकुकाने हा प्रश्न अधिक बारकाईने सोडवला होता. राम झालेला नट पाहताना होणारे ज्ञान खरे नसते आणि खोटेही नसते. तो संशय नसतो आणि नुसते साम्यही नसते. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, त्या जातीचे ते ज्ञान असते. श्रीशंकुकाचे हे मत अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त नोंदवले आणि नटाच्या अनुकरणावर रस उभा करण्याची त्याची उपपत्ती खोडूनही काढली. तरी सीनाचा विचार करताना तिचा आधार मोठा आहे, कारण सीनाच्या बाबतीत चित्र आणि घोडा एकाच कातडीत राहतात.

सीना मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट न्यूबरी या छोट्या गावात वाढला. पाच भावांत तो दुसरा. हिपहॉपचा नाद त्याला शाळेपासूनच होता. त्या पद्धतीचे ढगळ कपडे घालतो म्हणून मुले त्याला छळत, आणि त्या छळातूनच तो व्यायामाकडे वळला, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. १९९८ मध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेजातून व्यायामशास्त्राची पदवी घेऊन तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्याने व्यायामशाळेत काम केले, लिमोझिन गाडी चालवली आणि कुस्तीचे धडे घेतले. अर्धा माणूस आणि अर्धे यंत्र असलेला ‘प्रोटोटाइप’ हे त्याचे पहिले सोंग होते. २७ जून २००२ रोजी तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या (म्हणजे पूर्वीच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या) दूरचित्रवाणी कार्यक्रमात ऑलिंपिक विजेत्या कर्ट अँगलसमोर उभा राहिला. तो जिद्दी आणि पिळदार होता, पण त्याच्यात वेगळे काहीच नव्हते. काही महिन्यांतच त्याला काढून टाकायचे घाटत होते.

त्याला रॅपने वाचवले. परदेश दौऱ्यात बसमध्ये मागे बसून कुस्तीगीर यमके जुळवत होते. त्यात सीनाही होता. समोरच्या माणसाच्या अंगावरचे कपडे आणि हातातली वस्तू यांवर तो क्षणात ओळी रचू लागला. कंपनीच्या मालकाची मुलगी स्टेफनी मॅकमॅहन हिने ते ऐकले आणि हेच पडद्यावर करशील का, असे विचारले. त्या वर्षीच्या हॅलोविनच्या भागात तो व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरच्या वेशात आला आणि तिथून ‘डॉक्टर ऑफ थगनॉमिक्स’ जन्मला : उलटी टोपी, जुन्या क्लबांच्या जर्सी, गळ्यात साखळी आणि कुलूप.

दोन विरुद्ध स्वभावाच्या कला इथे एकमेकींना भिडतात. व्यावसायिक कुस्ती कबूल करून केलेल्या कल्पितावर उभी आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांनी घडवलेल्या हिपहॉपची मागणी नेमकी उलटी आहे : जगलास तेच बोल, दुसऱ्याचे आयुष्य आपले म्हणून सांगू नकोस. गावातल्या गोऱ्या मुलाने गल्लीतल्या दादाचा आव आणला, तर कुस्तीच्या नियमाने ते चालते आणि रॅपच्या नियमाने चालत नाही. पण बसमधला तो मुलगा आव आणत नव्हता. ज्या नादापायी त्याने लहानपणी मार खाल्ला, त्याच नादाने तो ओळी जुळवत होता. त्याच्यावर लादलेले यंत्रमानवाचे रूप खोटे होते. थगनॉमिक्सच्या डॉक्टरातली गुंडगिरी उसनी होती, पण भाषेवरचे प्रेम खरे होते. मे २००५ मध्ये नात्यातल्या भावासोबत काढलेला ‘यू कान्ट सी मी’ हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत पंधराव्या क्रमांकावर आला. त्यात प्रतिस्पर्धी नाही आणि ठरलेला निकालही नाही. ऐकणाऱ्यापुढे फक्त शब्द आहेत.

या शब्दांची एक बाजू मात्र माफ करण्यासारखी नाही. सुरुवातीच्या रॅपमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्याला खिजवण्यासाठी समलिंगी लोकांवर आणि शरीराच्या व्यंगांवर हीन शेरे मारले. ‘ते पात्र बोलत होते’ हा बचाव इथे लंगडा पडतो. सोंगाचा करार कुस्तीगीर आणि प्रेक्षक यांच्यात असतो. ज्याची टिंगल होते तो त्या करारात सामीलच नसतो. एप्रिल २०२० मध्ये, करोनामुळे प्रेक्षकांविना झालेल्या रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वार्षिक सोहळ्यात ब्रे वायट या कुस्तीगिराने सीनाला त्याच्याच जुन्या रूपांमधून फिरवले आणि दुसऱ्यांच्या उणिवांवर विनोद करणारा दांडगट असा आरोप त्याच्या तोंडावर केला. आपलीच जुनी चूक कथेचा विषय होऊ देणे, हे सीनाच्या कारकिर्दीतले सर्वांत धाडसी काम होते.

एप्रिल २००५ मध्ये विश्वविजेता झाल्यावर रॅप हळूहळू मागे पडले आणि कष्ट, निष्ठा, आदर आणि ‘हार मानू नका’ या घोषणा पुढे आल्या. मुले त्याच्यामागे वेडी झाली. प्रौढ पुरुषांना तोच चांगुलपणा बनावट वाटू लागला. जून २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅमरस्टाइन बॉलरूममध्ये त्याने प्रथेप्रमाणे अंगातला शर्ट गर्दीत भिरकावला. लोकांनी तो शर्ट परत रिंगमध्ये फेकला. त्याने पुन्हा टाकला, शर्ट पुन्हा परत आला. लोक निकाल ठरलेला आहे हे जाणत होते, तरीही त्यांचा राग खरा होता. शरीरही खोटे नव्हते : २००७ मध्ये त्याच्या छातीचा स्नायू लढतीत फाटला, २००८ मध्ये मानेवर शस्त्रक्रिया झाली, २०१५ मध्ये नाक मोडले.

सोंगातला शब्द बांधतो का, याचे उत्तर रिंगच्या बाहेर मिळते. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या ‘मेक-अ-विश’ संस्थेमार्फत सीनाने ६५० मुलांना भेट दिली, आणि २०२२ मध्ये गिनेस बुकने हा विक्रम नोंदवला. ही मुले टोपी आणि मनगटपट्टे घातलेल्या त्या पात्राला भेटायला येत. त्यांच्यासमोर पात्र उतरवून ठेवणे म्हणजे त्यांची निराशा करणे, आणि पात्र वठवणे म्हणजे खरोखर धीर देणे. इथे सोंग आणि कर्तव्य एकच झाले.

मार्च २०२५ मध्ये टोरांटोत त्याने कथेत नायक असलेल्या कोडी ऱ्होड्सवर हल्ला केला आणि तो खलनायक झाला. एप्रिलमध्ये लास व्हेगासला त्याने सतरावे विजेतेपदही घेतले. पण ते रूप लोकांच्या मनात रुजले नाही, आणि ऑगस्टपर्यंत ते आवरते घ्यावे लागले. पटकथाकाराच्या हाती निकाल असतो. वर्षानुवर्षांच्या वागणुकीने कमावलेले चारित्र्य त्याच्या हाती नसते.

१३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमधील अखेरच्या लढतीत गुंथर या कुस्तीगिराच्या पकडीत सीनाने हात आपटून हार मानली. प्रेक्षकांनी कंपनीची हुर्यो उडवली, कारण ‘हार मानू नका’ हे वचन त्यांनी त्याचेच नव्हे, तर आपलेही मानले होते. कुस्तीच्या धंद्याची रीत मात्र जुनी आहे : जाणाऱ्याने हरायचे आणि राहणाऱ्याला मोठे करून जायचे. सीनाने ती पाळली.