सरलेले कुठे असते?

इंग्रजीचा साधा भूतकाळ शिकवताना काळाविषयीचा जुना प्रश्न उभा राहतो: जे सरले ते आता कुठे आहे? पाणिनीने संस्कृतच्या भूतकाळाचे तीन भाग केले. लुङ् सामान्य भूताला, लङ् आजच्या आधी घडलेल्याला, लिट् बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्याला. इंग्रजी क्रियापद हा भेद पाळत नाही. आजी काल गावाला गेली आणि शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, दोन्हींना तोच काळ.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. ते शिकायला येणारे मराठी मूल हाक ऐकताच जागचे न हलता ‘आलो!’ म्हणते. त्याच्या भाषेत भूतकाळी रूप नक्की होणारेही सांगते, आणि वर्गात हे सहसा लक्षातच घेतले जात नाही. ‘गो-वेंट’ घोकून घेण्याआधी त्याच्याकडून ‘यस्टरडे’सह कालची खरी गोष्ट काढून घ्यावी: डबा सांडला, पाऊस आला. डबा सांडून गेला, आठवण मात्र आत्ता आहे. सेंट ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात भूतकाळाला स्मरणातच जागा दिली. प्राथमिक वर्गापुरते तरी ते खरे आहे. क्रियापदाचे नवे रूप मूल आठवणीलाच जोडते. अनियमित रूपांची यादी त्यानंतर यावी.